रकाना क्रमांक सात

फॉर्म एकपानी, दोन्ही अंगांनी छापलेला.
रकाना सात : अवशेषांची स्थिती.
भग्न / अर्धभग्न / नामशेष.
लागू नसेल ते खोडा.

भामरागडच्या अलीकडे एसटीनं उतरवलं,
मग रैजी पुंगाटीच्या मोटारसायकलवर सात किलोमीटर,
मग मोटारसायकल ऐनाच्या खोडाला टेकवून पायी.
माझ्या खांद्याला टेप, तीस मीटरची,
पहिले नऊ सेंटिमीटर तुटून गेलेली.
पंधरा वर्षं मी प्रत्येक मापातून
नऊ वजा करते आहे.

चैत अर्धा सरला होता.
मोहाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली
आणि तिच्यावर रात्रीची फुलं, ओली, जड.
वास असा, की चालताना आपण
कुणाच्या तरी घरातून जातोय
आणि चपला काढल्या नाहीत.

दगड आधी मला दिसलेच नाहीत.
जंगलात उभं असलेलं सगळंच झाड वाटतं.
एक दिसला. त्याच्यामागे चार.
मग डोळा सरावला आणि एकदम सगळे,
पुरुषभर, कमरेएवढे,
एक तर पोरासारखा
दुसऱ्याच्या आड लपलेला.

मी कामाला लागले.
उंची, घेर, कल कोणत्या दिशेला.
बारा नंबरला वारूळ चढलेलं.
तेविसाच्या माथ्यावर सरड्यानं मान हलवली,
त्याला रकाना नव्हता.

शाळेत असताना वाचनालयात एक पुस्तक होतं.
समुद्रापलीकडच्या रानातली माया लोकांची देवळं,
पायऱ्या चढत गेलेली मुळं,
आणि चित्राखाली ओळ :
हे लोक कुठे गेले, कोणास ठाऊक.
ती ओळ मला फार आवडायची.
इथंही मी तीच पुटपुटत होते,
पेन्सिल कानावर, घाम कोपरापर्यंत.
कोणाचं असेल हे? कुठलं शतक?

तेवढ्यात टोपली घेऊन म्हातारी आली.
रैजीची मावशी, जुरी.
एकोणिसाव्या दगडाला पाठ लावून बसली,
जशी आपण भिंतीला बसतो,
आणि माडियात काहीतरी बोलली.
रैजी हसला.
'काय म्हणतात?'
'ते म्हणते, टेप हळू लाव म्हणा त्याले.
त्याचं गुडघं दुखत होतं.'

मी टेप सैल सोडली.

मग ती एकेकाकडे बोट करत गेली.
हा आजा. हा आज्याचा भाऊ, भांडखोर,
म्हणून थोडा दूर.
त्याच्या पल्याडचे?
त्यांची नावं तिला येत नव्हती.
'पण हायेत,' रैजी म्हणाला, 'आमचेच.'

कडेला एक बुटका दगड,
बुडाची माती अजून भुसभुशीत.
'हा?'
'थोरली जाव. मागल्या साली.'
म्हातारी बराच वेळ बोलत राहिली, हात हलवत.
मला वाटलं, आता रडेल.
'ते म्हणते, मोप लोक आले जी.
भात कमी पडला.
अजून बोलतात गावातले.'

तुंब्यातली आंबील तिनं मला पानाच्या द्रोणात दिली.
आधी चार थेंब मातीवर, त्या बुटक्यापाशी,
मग मला.

त्या पुस्तकातल्या रानातही
आत्ता कुणी उन्हात वाकून काही वेचत असेल,
आणि पायऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे बघत
आपल्या भाषेत भाच्याला सांगत असेल
काहीतरी, गुडघ्यांविषयी.

शेवटच्या दगडाची उंची घ्यायची राहिली होती.
टेप लावली नाही. शेजारी उभी राहिले.
माझ्या खांद्याला लागला.
तसंच लिहिलं : खांद्याइतका.

फॉर्म परत आला पंधरा दिवसांनी,
लाल शाईत शेरा : र. क्र. ७ रिकामा,
त्वरित पूर्तता करावी.

टेबलावर आहे अजून.
त्यावर मोहाचं एक फूल सुकलं आहे,
पिशवीत कसं आलं कळलं नाही.