वाळुंजाची वाक

शाळेच्या बाईंनी तीन झेंडे आणून टाकले
आयजामालच्या शिलाई मशीनवर.
"बिश्केकहून नवे येतील तेव्हा येतील.
तोवर एवढे किरण सरळ करून दे."

थंडी अशी, की इसिक-कुल तेवढं गोठलेलं नाही,
बाकी नळ, दोरीवरचं धुणं, गाढवाच्या मिशा, सगळं.
राजधानीत कायदा झालाय :
सूर्याचे किरण लाटांसारखे नकोत.
लाटांनी तो सूर्यफूल दिसतो म्हणे,
आणि सूर्यफुलाचं काय, जिकडे ऊन तिकडे मान.

कोपऱ्यात सासरा, जुमाकादिर,
वाळुंजाची फांदी वाफेवर धरून.
साठ वर्षं एकच वस्तू करतोय :
तंबूच्या माथ्यावरचं तुंडुक.
धाब्याच्या घराला साणं असतं ना,
धूर जायला, उजेड यायला,
तसंच. फक्त इथे आधी साणं,
मग त्याच्याभोवती घर.
बाप मेला की लोकर, काठ्या, दोऱ्या बदलतात,
तुंडुक धाकट्याकडे जातं, काजळीसकट.

दुसऱ्यांनी झेंड्यावर सिंह घेतले, गरुड घेतले,
कुणी तर बंदूकसुद्धा.
ह्यांनी छपराचं भोक घेतलं.

त्याआधीच्या झेंड्यावर विळा-हातोडा होता.
जुमाकादिरकडे विळा होता, हातोडाही होता,
तरी ते चित्र कधी घरातलं वाटलं नाही.
मग हा आला, तेव्हा सगळं गाव टोप्या काढून उभं,
आणि हा मान वर करून मोठ्यांदा :
"कडेला भोकंच नाहीत! काठ्या कुठे खोवणार?
हे घर उभं कसं राहायचं?"
कुणी हसलं नाही. बायकोने कोपर मारलं.

आयजामाल उसवते.
चाळीस किरण, चाळीस टोळ्या, शाळेत पाठ केलेलं.
पहिल्यात चाळीस. दुसऱ्यात चाळीस.
तिसऱ्यात एकोणचाळीस.
पुन्हा मोजते, बोट चाटून, नोटा मोजाव्यात तशी.
एकोणचाळीसच.
किती वर्षं ह्याला सलाम केला,
एक टोळी कारखान्यातच राहिली होती.
"कुठली असेल, आता?"
"आपलीच," म्हातारा म्हणतो, वाफेतून.

मग गुडघ्यावर फांदी दाबत,
तिच्याकडे न बघता :
"सरळ कर, सांगितलंय तर कर.
माझ्याकडे सरळ राहतं ते सरपण."
फांदी कुरकुरते. मोडत नाही.
तो श्वास सोडतो. दोरी आवळतो.

ती पिवळ्या कापडाची टोकं कापते,
सुईसारखी, पट्टीने आखून,
तिसऱ्या झेंड्याला एक जास्तीचं.
उसवलेल्या लाटा उरतात, ओंजळभर.
झेंड्याचं कापड; जाळवत नाही, फेकवत नाही.
नणंदेला दिवस गेलेत,
बाळाची वाकळ अर्धी झालीये.
ती कुणाला विचारत नाही.

सोमवारी झेंडा चढतो.
बाई म्हणतात, "बघा, कसा ताठ सूर्य."
तेवढ्यात सरोवरावरून वारा सुटतो
आणि लाल कापड वळतं, दुमडतं, फडफडतं,
एकही किरण सरळ राहत नाही.

रांगेच्या शेवटी तिचा धाकटा, बेकतुर,
ओठांतल्या ओठांत मोजतोय.
सव्वीसपर्यंत येतो.
झेंडा उलटतो.
एकपासून पुन्हा.