पाकळी

फेकांच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
मालक फुलं रंगवत होते तेव्हा
मला पाणी बदलायची मनाई होती.
पिओनीची सात फुलं, खाटकाच्या पैशांतून आणलेली,
म्हणून तो आठवडाभर आम्ही दोघं
कांद्याच्या रश्श्यावर.

फुलदाणी कसली, सायडरची दगडी बुधली ती.
तुटका कान भिंतीकडे वळवून ठेवलेला.

पहिल्या दिवशी सगळ्या कळ्या, मुठी आवळून.
दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम उलगडल्या
आणि मालक शिव्या द्यायला लागले,
फुलांना, ढगांना, खिडकीवरून गेलेल्या सीगलला.
हात असा चालायचा
जशी माझी सुरी हेरिंगच्या खवल्यांवर.
जवळून पाहिलं तर नुसते फराटे.
दाराशी गेले बादली घेऊन, सहज वळले,
तर फुलं.

टेबलावरचं कापड पांढरं, मीच धुतलेलं.
त्यांनी ते निळं केलं, जांभळं केलं,
एका कोपऱ्यात चक्क पिवळं.
म्हटलं, पांढऱ्यावर सावली निळी कुठे पडते?
"तू धुण्यात नीळ कशाला घालतेस, झेली?"
पांढरं दिसावं म्हणून.
"मग?"
असं म्हणून ते पुन्हा पाठमोरे.

तिसऱ्या दिवशी एक पाकळी गळली.
हाताची सवय, उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली.
"कुठंय ती? होती तिथे ठेव!"
होती कुठे? बुधलीपाशी? सुरीपाशी?
आठवेना.
टेबलाच्या कडेला माझ्या इस्त्रीचा डाग होता,
करपलेला, नखाएवढा.
त्यावर ठेवली.
मालक बराच वेळ बघत राहिले,
मग ब्रश बुडवला.

रुआंचा व्यापारी आला, तिरेल नावाचा,
भिजलेली छत्री माझ्या हातात देऊन
चित्रासमोर डोळे बारीक करत म्हणाला,
"सगळं त्या पाकळीवर तोललंय.
काय नेमकी जागा निवडलीत!"
मालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
नखांतला रंग कोरत बसले.

चाळीस फ्रँक. आधी खाटकाचे फेडले,
रात्री चुलीवर मटण.
फुलं तोवर काळी पडली होती,
पाणी असं कुजलेलं की
जिन्यात नाकाला पदर लावून न्यावं लागलं.
बुधलीच्या आत हिरवट कडं बसलंय,
राखेनं घासूनही जात नाही.

डाग अजून आहे कापडावर.
जेवताना मी त्यावर पाव ठेवते.