भाड्याचा समुद्र

दांडिया बाजारातल्या सभागृहात
दिवाळीच्या सुट्टीतलं मुलांचं संगीत नाटक.
समुद्र मंडपवाल्या जयेशभाईंकडून आणलाय,
निळा, बावीस हात,
एका कोपऱ्यात कढीचा डाग.
उद्या सकाळी नऊला परत द्यायचा,
कुणाचं तरी लग्न आहे.

एक टोक माझ्या हातात, विंगेत.
दुसरं पलीकडच्या विंगेत, श्रीपादच्या.
स्कूटरच्या पैशांवरून
तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही.
पण लाट एकट्याला काढता येत नाही.
त्यानं खाली घेतलं की मी वर.

बिलिमोऱ्याच्या खाडीतून
गायकवाडांचं आरमार निघतं.
आरमार म्हणजे एकच गलबत,
पुठ्ठ्याचं, डोलकाठी झाडूच्या दांड्याची.
तांडेल चौथीतला.
"नांगर उचला!" म्हणतो
आणि पुढचं पद विसरतो.

पेटी तोच सूर देते. पुन्हा देते.
मागे कुणाची तरी चिवड्याची पुडी.

मी श्रीपादकडे पाहिलं.
त्यानं हात ढिले सोडले, मीही.
वारा पडला.
वारा पडल्यावर गलबत थांबणारच,
त्यात कुणाला काय वाटायचंय?
पोराला लागेल तेवढा वेळ
आम्ही समुद्र नुसता श्वास घेत ठेवला.

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी
पाय खुर्चीवर घेऊन बसली,
मोजे भिजतील म्हणून.

मग त्याला आठवलं.
बेसूर, पण खणखणीत.

रात्री अकराला दिवे निम्मे झाले.
बावीस हातांची घडी घालायची
तर टोकं जुळवत जवळ यावंच लागतं.
अकरा हात. साडेपाच.
"डाग आत घे,"
श्रीपाद म्हणाला.