वाकडी जाळी

पालिकेच्या टेम्पोतून अकरा रोपं उतरली,
फोटो झाला, टेम्पो गेला.
आठवड्यात दहा जाळ्या भंगारात.
अकरावी वाकडी होती, तिला भाव आला नसावा.
तिच्यात एक लिंब उरला
माझ्या उंबऱ्यापासून साडेचार पावलांवर.

मी झाडांची माणूस नव्हे.
रोजची हजार बिड्यांची बाई,
मांडीवर सूप, डोक्यात कारखान्याचा हिशेब.
आणि आमच्या गल्लीत नळ येतो पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला, करंगळीएवढा.
त्यातलं लिंबाला काय द्यायचं?

तर, पहिल्या धारेचं गढूळ.
मग तांदूळ धुतलेलं.
मग मेहराजबीचा नवरा गोळ्याची गाडी घेऊन परतला
की पेटीतला उरलेला बर्फ वितळून.
ती म्हणायची, शाम को डालना,
दुपारी नको, मुळं दचकतील.
भांड्यांचं पाणी? गंगव्वा म्हणाली,
राखेनं घासली असतील तर चालेल,
पावडरनं घासली असतील तर तूच पी.

चैत्रात पानांच्या कडा करपू लागल्या
तेव्हा नरसय्या गाजूल पाळी संपवून आला,
कानात अजून माग चालू, म्हणून मोठ्यानं बोलत.
नापास चादरीचा एक तुकडा आणलेला,
मोराची मान भलतीकडे विणली गेलेली.
तो त्यानं जाळीवर पश्चिमेच्या बाजूनं ताणला.
रोप काठीला बांधलं वाया गेलेल्या सुतानं,
आठाच्या आकड्यात, सैल.
म्हणाला, सुताला कळतं, अक्का, किती धरायचं.

मी आळ्यात तेंदूची कातरण पसरली.
ओल दोन दिवस जास्त टिकली.
हातांना आयुष्यभर वास येतो त्या पानाचा,
पहिल्यांदाच तो वास कुणाच्या उपयोगी पडला.

नरसय्या म्हणे वेपचेट्टू,
गंगव्वा म्हणे बेविन मर,
मेहराजबी नीम, मी लिंब.
ते कुणालाच ओ देत नव्हतं.
वाढत मात्र होतं.

तिसऱ्या वर्षी वायरमननं शेंडा छाटला.
त्या दिवशी मी सहाशेच बिड्या वळल्या
आणि त्यातल्याही चाळीस छाटात गेल्या.

पाचव्या वर्षी सिमेंटचा रस्ता आला.
संध्याकाळी पाहिलं तर काँक्रीट
थेट खोडाच्या गळ्यापर्यंत.
रात्री मी आणि गंगव्वा उलथनं घेऊन बसलो.
बुंध्याभोवती चारही बाजूंनी
सूप टेकवून टेकवून रेघ मारली,
तेवढं ओलं ओलं उकरून काढलं,
घमेल्यातून नाल्याकाठच्या खड्ड्यात नेऊन ओतलं.
(तो खड्डा तेव्हापासून बुजलेला आहे. कुणी आभार मानले नाहीत.)
सकाळी मुकादम खूप ओरडला.
कुणाच्या परवानगीनं? मी म्हटलं, सुपाच्या.
दुपारी तो तिथंच डबा उघडून बसला,
सावली सरकली तसा सरकत.

आता मे महिना. चव्वेचाळीस.
पत्र्याखाली बसवत नाही,
आम्ही चौघीजणी सुपं घेऊन बाहेर.
वरून एखादी पिकलेली लिंबोळी तंबाखूत पडते,
ती उचलून पुन्हा कामाला.
कधी कधी उचलायची राहूनही जाते.

नरसय्याचा कारखाना बंद झाला,
तो लेकाकडे भिवंडीला गेला.
काठी कधीच कुजली. चादर कुणीतरी नेली.
सुताचा एक धागा मात्र सालीत शिरलाय,
वर साल आलीय ओठासारखी.
मी ओढून पाहिला नाही.

परवा पुन्हा टेम्पो आला,
पलीकडच्या बोळासाठी नवी रोपं, नव्या चकचकीत जाळ्या.
पोरं खड्डे खणत होती, हौसेनं, खोल.
मी त्यांना पाण्याचं सांगितलं, कातरणीचं सांगितलं,
गाठ कशी सैल ठेवायची ते दाखवलं.
आणि म्हटलं, बाळांनो, जाळी बसवायच्या आधी
दगडानं दोन घाव घाला,
जरा वाकडी करा.