चंद्राची जागा

यादवांचं राज्य मी फळ्यावर आणलं,
डस्टरनं नेलं.
मागच्या बाकावर मुंजाजी धोत्रे
कंपासच्या टोकानं लाकूड कोरत बसला होता.

म्हणून सातवीचा तास बाहेर काढला.
मन्याडच्या काठी, हातपंपामागं, बेशरमीच्या झुडपात
एक दगड उभा आहे कंबरेइतका.
शेंदूर नाही. नाव नाही. म्हशी अंग घासतात.

दोन बादल्या पाणी मारलं
तर खालून गाई निघाल्या, शिंगांसकट,
आणि ढाल धरलेला एक माणूस.
मधल्या चौकटीत अप्सरा.
अल्फिया म्हणाली, "बाई, ह्या तर त्याला
दवाखान्यात न्यावं तसं काखंत धरून न्यायल्यात."
त्याच्यावर पिंड. अगदी वर सूर्य.

वीरगळावर सूर्याशेजारी चंद्र असतो.
दोघं आहेत तोवर नाव राहील, असा करार.
इथं सूर्य एकटा,
बाजूला तळहाताएवढी कोरी जागा.

"चंद्र कुठं गेला?"
"सांगा," म्हणाली पोरं, वह्या उघडून.
"मला माहीत नाही."
सतरा वर्षांच्या नोकरीत
हे वाक्य वर्गापुढं पहिल्यांदा बोलले.
घसा कोरडा पडला.

"अमावशेला मेला असंल."
"कुणीतरी फोडून नेला."
"पैसे संपले, बाई. आमच्या घरकुलाची
खिडकी ऱ्हायली तसं."
गोदू हळूच म्हणाली,
"आईनंच सांगितलं असंल, नको.
रात्रीचा उजेड नको. सगळं दिसतंय."

मुंजाजी पुढं आला.
त्याचा बाप पाटे-वरवंटे घडवून बाजारात बसतो.
डोळे मिटून त्यानं त्या जागेवर बोटं फिरवली.
"फोडलं नाही. फोडलं की कड लागती हाताला.
हे घासलंय. वाळू-पाणी घेऊन, लई दिवस.
कोरायचं नसलं तर
एवढं कुणी घासत नसतंय."

"मग?"
"जागा करून ठिवली. आलाच नाही."
"चंद्र?"
"कोरणारा."

हातपंप ठिबकत राहिला.
मग अल्फियानंच विचारलं,
"मंग त्याचा दगड कुठंय?"

खिचडीची घंटा झाली.
सगळी बेशरमीत शिरलेली, गुडघाभर चिखलात.
शेवंताबाई पळी घेऊनच आल्या,
"काय हरवलंय, बाई?"

मला सांगता येईना.
त्या कोऱ्या जागेवर मी हात ठेवला.
उन्हानं तापली होती.