उभी रेघ

त्रिएस्ते. बंदराचं दप्तर, तिसरा मजला.
बाहेर बोरा वारा माणसांना कठड्याला धरून चालायला लावतोय.
खिडकीची फट मार्त्सियाने जुन्या पगारपत्रकाने बुजवलीय
(त्याची नोंद झालीय, असं ती शपथेवर सांगते).

समोर व्हिदाबाई, वय एक्क्याऐंशी,
हातमोजे काढायला तयार नाहीत.
"आजोबा गोदीत हमाल. श्तेफान कोवाचिच."
सरळ शोधलं. शून्य ओळी.

मग टिंब-तारका टाकून पाहिली: काहीही, कितीही.
अधाशी जोडी ती. अख्खं टेबल गिळून परत आली,
चार लाख बारा हजार माणसं
आणि वैरणीच्या खात्यावरचं एक खेचर.

मग नीट बसून नमुना लिहिला.
आरंभाला टोपी: नाव इथूनच सुरू व्हावं,
दुसऱ्या कुणाच्या पोटातून नको.
चौकटी कंसात 'क'ची दोन्ही रूपं, त्यांचं आणि सरकारी.
शेवटी 'ह' असला तर असो, म्हणून प्रश्नचिन्ह.
राहिला 'च'. त्यांच्या लिपीत त्याच्या डोक्यावर
उलटी टोपी असते. ती कारकुनांनी आधीच उतरवलेली,
देवळाबाहेर चपला काढायला सांगाव्यात
इतक्या सहज.

एकोणसाठ कोवाचिच आले.
व्हिदाबाई एकेकाला चष्म्याखालून पाहत गेल्या.
हा नाही. हाही नाही.
हा मातेय, आमच्याच गल्लीतला, पक्का पिणारा. पण हा नाही.

"कोवाच म्हणजे लोहार," त्या स्वतःशीच म्हणाल्या.
खिडकीपाशी मार्त्सियाचा हात थांबला.
"आमच्यात फाब्रो."

नमुन्याला अक्षरांचा वास येतो, अर्थाचा नाही.
लोहाराला लोहारच ठेवून
कुणी अक्षरं तेवढी सगळी बदलली
तर टोपी, कंस, तारका घेऊन मी कुठे जाऊ?

गल्लीचंही नाव बदललेलं. घराचा आकडा तोच, सतरा.
आकड्यांचं भाषांतर कुणी करत नाही.
पत्त्याच्या शेवटी सतरा, एवढंच मागितलं.
अनुक्रमणिका तिथे कामाची नव्हती;
यंत्र पहिल्या ओळीपासून निघालं
आणि प्रत्येक दार ठोठावत गेलं.
मार्त्सियाने कॉफी आणली. ती निवली.

फाब्री, स्तेफानो. घर सतरा.
चौदा फेब्रुवारी एकोणीसशे एकतीस:
हजेरीला अठरा मिनिटं उशीर. दंड पाऊण लिरा.
पंधरा फेब्रुवारी: उशीर. सोळा: उशीर.

"हेच," व्हिदाबाई म्हणाल्या.
"कशावरून?"
"उशीर कसला? रांगेत पहिले असायचे.
त्या नावाने हाक मारली की वळायचेच नाहीत."

नमुन्यात मी एक उभी रेघ घातली.
आमच्या भाषेत तिचा अर्थ 'किंवा'.
तिच्या अलीकडे कोवाचिच, पलीकडे फाब्री.
जतन केलं.

व्हिदाबाईंनी एकच हातमोजा काढला, पर्स उघडायला.
प्रत हवी होती. पगाराची नको,
दंडाची. तिन्ही दिवसांची.