हयातीचा दाखला

सेतूवाल्या पोट्ट्यानं अंगठा चारदा दाबला.
मशीन म्हणते, हा तो माणूस नाही.
पस्तीस वर्षं तारा ओढल्या, बाप्पा,
रेघा खांबांवरच कुठंतरी राहिल्या असतील,
मंगरूळपासून धानोऱ्यालोक.

मग चेहरा. "काका, डोळे मिचकवा."
मिचकवले. मागं टीव्हीवर दोघं भांडत होते,
कोणत्या देशानं कोणावर काय टाकलं;
आवाज बंद, तरी भांडतच.

घरी आलो. नलू म्हणे, झाले का जी जिते?
झालो म्हटलं, पुढच्या नोव्हेंबरलोक.

रात्री नात पुण्याहून, फोनमधी:
आबा, तुम्ही दिसतच नाही,
नुसतं छत दिसतंय.

दिसू दे माय.
पंखा फिरून राह्यला ना?
म्हंजे डीपीवर लाइन हाय.